खाकी, आणि त्याखालचा माणूस

गेले दोन महिने माझ्या टेबलावर एक शिपाई बसून होता. शिपाई म्हणजे अर्धपुतळा. रेझिनचा, करडा, वीतभरही उंच नाही. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सैनिक म्हणून तो विकत मिळतो. मला मात्र त्यातून मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान करायचा होता. १९४४ सालच्या उन्हाळ्यातला, इटलीतला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, चेहऱ्याचा रंग बदलला की झालं! मलाही तसंच वाटलं होतं.

सुरुवात तशी सोपी होती. भारतीय पलटणींचा बराचसा सरंजाम ब्रिटिशांसारखाच. उथळ ताटलीसारखं मार्क २ हेल्मेट, १९३७ च्या नमुन्याचे जाड सुती पट्टे, पितळी बकलं. थंडीत लोकरी बॅटलड्रेस, उन्हाळ्यात खाकी ड्रिलचे सुती कपडे. हे सगळं पुस्तकांत आहे, संग्रहालयांत आहे, बटणागणिक सापडतं.

पहिला घोटाळा झाला तो खाकीतच. आपल्या डोक्यात खाकी म्हणजे पोलिसाची. मी तीच लावली आणि माझा जवान चौकात उभा राहून शिट्टी मारणार असं दिसायला लागला! मग सगळं पुसून पुन्हा. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. ड्रिलचा कपडा उन्हात आणि धुण्यात विटत जातो. म्हणून खांदे फिकट केले, पट्ट्याच्या कडेखाली मूळ गडद रंग राखला, मानेशी घामाचा डाग दिला. हेल्मेटची चमक मारली. एवढं झाल्यावर तो लढाईतला वाटू लागला.

इटलीच का, तर नाईक यशवंत घाडग्यांमुळे. माणगाव तालुक्यातला हा २२ वर्षांचा तरुण मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होता. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. हे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांची कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनियो नदीकाठी याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी तोच मान मिळवला, आणि ते परत आले.

बंदूक कुठे धरली होती इतकं बारीक लिहून ठेवलेलं आहे. पण चेहऱ्याचं काय? माझ्याकडच्या रंगाच्या बाटलीवर 'त्वचा' असं लिहिलंय, आणि आत आहे गुलाबी रंग! कातडी म्हणजे गोरीच, हे गृहीतच धरलेलं.

आमच्या आईचे मामा याच रेजिमेंटमधून इटलीला गेले होते. युद्ध संपल्यावर परतले, शेती केली, लढाईबद्दल फारसं बोलले नाहीत. त्यांचा गणवेशातला एकच फोटो आहे, स्टुडिओतला. म्हटलं, रंग त्यावरून घ्यावा. फोटो घेऊन मावशीकडे गेलो.

"असा नव्हता रे मामा," ती म्हणाली. "फोटोवाल्यानं उजळ केलाय त्याला. चांगला रापलेला होता. कपाळाचा वरचा भाग तेवढा उजळ, फेट्याखालचा. फेटा काढून ठेवला की आम्ही मुलं हसायचो."

हे कुठल्या पुस्तकात मिळणार होतं?

घरी येऊन चेहरा परत रंगवला. गुलाबी बाटली बाजूला ठेवली. तांबूस तपकिरी आणि पिवळी माती मिसळून गाल, सावलीला किंचित निळा, हनुवटीवर दाढीच्या खुंटांची करडी झाक. पुट्टीने मिशी केली. पुतळ्याचं हेल्मेट जरासं मागे सरकलेलं आहे. फेटा नसला तरी उन्हातल्या हेल्मेटखाली तेच होणार, म्हणून कडेखाली कपाळाची एक बारीक उजळ पट्टी सोडली. पाहणाऱ्याला ती दिसतही नाही.

खाली नाव काय घालायचं यावर दोन दिवस विचार केला. घाडग्यांचं घालावं असं फार वाटत होतं. पण हा चेहरा त्यांचा नाही, आणि खोटं नाव घालायचं तर बटणं मोजायची कशाला? मामांचं म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. शेवटी 'मराठा लाइट इन्फंट्री, इटली, उन्हाळा १९४४' एवढंच लिहिलं.

रविवारी मावशी आली होती. चष्मा लावून बराच वेळ पाहत बसली. "मिशी जरा जास्त झाली," म्हणाली.

म्हणजे आता मिशी कापायची आहे. तोवर तुमच्यापैकी कुणाच्या घरी ट्रंकेत असा एखादा गणवेशातला फोटो असेल, तर तो माणूस ज्यांनी डोळ्यांनी पाहिलाय त्यांना आजच विचारा, दिसायला कसा होता. बटणांचं नंतर बघता येईल.