उजवा, डावा, उजवा, उजवा

पालघर जिल्ह्यात नवापूर, तारापूर, चिंचणी या किनाऱ्याला वरात निघाली की ताशाचा तडतडाट आधी कानावर पडतो, बँड मागाहून. हेच वाद्य मोहर्रमच्या ताजियापुढे असते, उरुसाच्या संदलपुढे असते आणि गणपतीच्या मिरवणुकीतही असते. ताशा हा शब्द फारसीतल्या 'तास' म्हणजे वाडगा या शब्दावरून आला असे मानतात, आणि वाद्याचा आकारही वाडग्यासारखाच आहे. गळ्यात अडकवलेल्या या वाडग्यावर दोन बारीक काड्यांनी वाजवणारा माणूस कोणत्या हातानंतर कोणता हात टाकतो, हे आपल्यापैकी फारच थोड्यांनी निरखून पाहिले असेल. आम्हीही बरीच वर्षे पाहिले नव्हते. अमेरिकेतल्या जाझ ड्रमवादकांची बोटे कशी तयार होतात हे वाचू-ऐकू लागलो, तेव्हा लक्ष आपल्याच गल्लीतल्या हातांकडे गेले.

या लेखाचा विषय आहे स्टिकिंग. बिग बँडमध्ये म्हणजे सोळा-अठरा वादकांच्या जाझ ताफ्यात ड्रम वाजवणाऱ्याला जे पहिले धडे गिरवावे लागतात, त्यांत हा धडा येतो. ठोके किती आणि कुठे, हे ताल सांगतो. तो ठोका उजव्या काडीचा की डाव्या, हे स्टिकिंग सांगते. त्यातला सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे पॅराडिडल: उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा. नावातच युक्ती आहे. 'पॅ-रा' म्हणजे आलटून-पालटून दोन एकेरी ठोके, आणि 'डि-डल' म्हणजे एकाच हाताचे दोन. तोंडाने म्हणत राहिले की हात आपोआप त्या वाटेने जातात. तबल्याची तालीम घेतलेल्याला हे सांगायला नको.

आता कोणी विचारील, ठोके कानाला सारखेच ऐकू येत असतील तर हाताची एवढी चिकित्सा कशाला? तिचे उत्तर बिग बँडच्या रचनेत आहे. पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, तीन-चार ट्राँबोन, पियानो, बास आणि कधी गिटार. एवढी पितळी फौज एकाच क्षणी फटका मारणार असते, आणि त्या फटक्याच्या अर्ध्या श्वासाआधी ड्रमवाल्याने सगळ्यांना हाक द्यायची असते. ही हाक म्हणजे ठोक्यांचा छोटासा तुकडा. तो संपताना त्याचा मोकळा हात नेमका झांजेवर पडला पाहिजे आणि खाली पायाने मोठा ढोल वाजला पाहिजे. जाझची चाल तिहेरी असते, म्हणजे एका मात्रेत तीन ठोके. हात नुसते आलटून-पालटून चालवले तर पहिल्या मात्रेवर उजवा येतो आणि दुसऱ्या मात्रेवर डावा. झांज उजवीकडे आणि हात डावा, अशी फजिती होते. म्हणून मध्ये कुठेतरी एकाच हाताचे दोन ठोके घालायचे: उजवा, डावा, डावा, उजवा, डावा, डावा. आता दर मात्रेला उजवा हात मोकळा मिळतो. कुठे जोड घालायची हे आधी ठरवून ठेवणे, एवढाच या विद्येचा गाभा. ऐकणाऱ्याला हे कळता कामा नये, यातच वाजवणाऱ्याची परीक्षा असते. जोडीतला दुसरा ठोका बहुधा काडीच्या उसळीवर निघतो. तो पहिल्याइतका भरीव काढायला महिने लागतात.

ही विद्या जाझने जन्माला घातलेली नाही, ती पलटणीतून आली. अमेरिकेत चार्ल्स स्टुअर्ट अ‍ॅशवर्थ याने १८१२ साली लष्करी ढोलवादनाचे पुस्तक काढले आणि या मूळ धड्यांना रूडिमेंट म्हटले. पुढे १९३३ साली शिकागोला ड्रमवादकांची संघटना स्थापन झाली, तिने तेरा धडे अत्यावश्यक ठरवले. नंतर आणखी तेरा जोडले गेले. १९८४ साली ही यादी चाळीसवर गेली. सॅनफर्ड मोलर नावाच्या गुरूने अमेरिकन यादवी युद्धातल्या म्हाताऱ्या ढोलवाल्यांची वाजवण्याची तऱ्हा पाहून १९२५ साली पुस्तक लिहिले. चाबूक फिरवावा तसा हात फेकायचा, आणि त्या एका फेकीत एक जोरकस ठोका व मागाहून हलका ठोका काढायचा, ही त्याची शिकवण. बेनी गुडमनच्या बँडमधला जीन क्रुपा त्याच्याकडे शिकला. हाच क्रुपा १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवत होता, आणि जाझ नाचघरातून सभागृहात शिरले ते अशाच रात्रींनी. १९०९ साली शिकागोच्या लुडविग मंडळींनी पायाने वाजवायचे पेडल बाजारात आणल्यावर एकच माणूस दोन-तीन वादकांचे काम करू लागला होता. बिग बँडचा ड्रम तिथूनच उभा राहिला.

पलटणीचा ढोल डाव्या मांडीवर तिरपा लटकायचा. त्यामुळे डावी काडी खालून, तळहात वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरावी लागे. ढोल स्टँडवर सरळ बसला तरी जाझवाल्यांनी ती पकड सोडली नाही, कित्येकांनी आजही सोडलेली नाही. आपला ताशा समोर सरळ असतो, म्हणून ताशेवाला दोन्ही काड्या सारख्याच धरतो. ड्रमवाले ज्याला जोडपकड म्हणतात ती ताशेवाल्याला जन्मापासून येते. शिकायला बसला तर त्याची एक पायरी वाचते.

आपल्याकडचे बँडही पलटणीतूनच आले. इंग्रज फौजेत वाजवायला शिकलेल्या देशी बाजेवाल्यांनी, आणि त्यांत मुसलमान बरेच होते, बाहेर पडून लग्नाचे बँड काढले. मेरठच्या नादिर अलींनी १८८५ साली सुरू केलेली कंपनी पुढे अशा बँडांची वाद्ये बनवून देशभर पाठवू लागली. पितळी वाद्यांत आणि साइड ड्रममध्ये पलटणीचे शिक्षण आले, ताशात मोहर्रमचे आले. एकाच वरातीत हे दोन्ही ढोल शेजारी-शेजारी चालतात. वाद्य वाजवावे की न वाजवावे हा वाद आपल्या घरांतून जुना आहे. तो इथे काढण्याचे कारण नाही, कारण ज्यांच्या पोटाला हे वाद्य होते त्यांना तो वाद घालण्याची फुरसतच नव्हती.

आता मुंबई. नवापूरहून बोईसर गाठावे आणि पश्चिम रेल्वेने शंभरेक किलोमीटर खाली उतरावे, एवढेच हे अंतर. १९३५च्या सुमारास व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांची नावे ताजशी जोडली गेली. गोव्याच्या तरुणांना खरे जाझ समोरासमोर ऐकायला मिळाले ते यांच्याकडून. पुढे मिकी कोरियाचा बँड ताजमध्ये वीसेक वर्षे वाजला. ट्रंपेटवादक चिक चॉकोलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, हा तर मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेला. १९४९चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांचे नाचघर ओस पडू लागले आणि ही मंडळी पोटासाठी चित्रपटांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत शिरली. मराठी मुलखातले सी. रामचंद्र यांनी १९५१च्या 'अलबेला'त चिक चॉकोलेटच्या ताफ्याचा ढंग हिंदी गाण्यात मुरवला. ड्रम आणि इतर तालवाद्यांवर पारशी घरातले कावस लॉर्ड व त्यांची मुले केरसी आणि बर्जोर होती, गोव्याचे लेस्ली गोदिन्हो होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाव झळके ते संगीतकाराचे. यांची नावे मागाहून जाणकारांनी शोधून काढली.

आम्हाला विचारावेसे वाटते ते इथे. या यादीत गोवेकर आहेत, पारशी आहेत. मुसलमान कुठे आहेत? ते नव्हते असे नाही. नौशाद होते, आणि त्यांचे सहायक म्हणून अनेक वर्षे काम केलेले, पुढे 'पाकीज़ा'चे संगीतकार झालेले गुलाम मोहम्मद मुळात तालवाद्यवाले होते. परंतु आपली माणसे स्टुडिओत शिरली ती तबला, ढोलक, सारंगी, सतार घेऊन. ड्रमच्या खुर्चीपर्यंत फारशी पोहोचली नाहीत. कारण उघड आहे. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच सुरांची लिपी वाचायला शिकवत. समोर कागद ठेवला की ते वाजवत. रेकॉर्डिंगला वेळ थोडा, पैसा मोठा. कागद वाचणारा तिथे हवाच होता. आपला ताशेवाला उस्तादाच्या तोंडून शिकला, त्याच्याकडे कागद नव्हता. मग त्याला येत नाही असे ठरले. न वाचणे आणि न येणे या दोन गोष्टी कधी एक झाल्या, हे कोणाच्याच लक्षात आले नाही.

त्या एक नाहीत याचा पुरावा खुद्द जाझमध्येच आहे. न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय नाचघरात बँडच्या मध्यभागी उंच ओट्यावर बसून ताफा हाकणारा चिक वेब हा १९३०च्या दशकातला सर्वांत धाक असलेला ड्रमवाला. लहानपणी पाठीच्या कण्याला क्षय झालेला, बुटका, वेदनांनी गांजलेला. त्याला नोटेशन वाचता येत नसे, सगळ्या रचना मुखोद्गत असत. तो १९३९ साली गेला. त्याच्यानंतर ज्याचा हात सर्वांत वेगवान मानला गेला त्या बडी रिचलाही वाचता येत नव्हते. नवी रचना आली की तालमीत दुसरा कोणी ड्रमवर बसे, बडी समोर बसून ऐके, आणि मग स्वतः वाजवे. आपल्या शागिर्दांची हीच रीत आहे. फरक एवढाच की बडी रिचच्या काड्यांचे धडे पुस्तकांतून छापले गेले, आणि आपल्या ताशेवाल्यांचे कोणी टिपले नाहीत.

आणखी एक गोष्ट वाचकांपुढे ठेवली पाहिजे, कारण आपल्यात ती फार कमी जणांना ठाऊक असते. बिग बँडच्या ड्रमची जुनी रीत बदलून टाकणारे दोन मोठे वादक मुसलमान झाले होते. केनी क्लार्कने तालाचा भार पायातल्या ढोलावरून उचलून उजवीकडच्या मोठ्या झांजेवर ठेवला, त्यामुळे डावा हात आणि पाय बोलायला मोकळे झाले. १९४६ साली इस्लाम स्वीकारून त्याने लियाकत अली सलाम हे नाव घेतले. आर्ट ब्लेकी अब्दुल्ला इब्न बुहैना झाला. बिली एक्स्टाइनच्या बिग बँडमध्ये तो १९४४ ते १९४७ वाजवत होता, आणि नंतर त्याने सतरा जणांचा जो ताफा जमवला त्याचे नाव होते सेव्हन्टीन मेसेंजर्स. त्या काळी अमेरिकेतल्या जाझवाल्यांपर्यंत इस्लाम पोहोचला त्यात हिंदुस्थानातून गेलेल्या अहमदिया प्रचारकांचा वाटा मोठा होता. क्लार्क पुढे युरोपात गेला आणि १९६०च्या दशकात फ्रान्सी बोलांबरोबर त्याने आपला बिग बँड चालवला. त्या बँडच्या ताफ्यात साहिब शिहाब सॅक्सोफोनवर आणि इद्रीस सुलेमान ट्रंपेटवर होते. पॅरिस आणि कलोनच्या त्या ध्वनिमुद्रणांतली ही नावे वाचताना क्षणभर वाटते, आपल्याच एखाद्या गावच्या बँडची यादी चालली आहे.

ताशाचीही अशीच परदेशवारी झाली आहे. ३० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून गिरमिटियांचे पहिले जहाज त्रिनिदादला लागले. त्यांनी तिथे मोहर्रम नेला, त्याबरोबर ताशाही गेला. १८८४ साली तिथल्या इंग्रज सरकारने मोहर्रमच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. तरी वाद्य टिकले. आज तिथे तो 'टासा' या नावाने लग्नांतही वाजतो, आणि मुले तो अजून तोंडी बोल ऐकूनच शिकतात.

या दोन रीती मात्र एकदा एकाच ध्वनिमुद्रिकेत भेटल्या. उस्ताद अल्लारखाँ १९४०च्या सुमारास मुंबई रेडिओवर आले, ए. आर. कुरेशी या नावाने चित्रपटांना संगीत देत, आणि पुढे रविशंकरांबरोबर जगभर फिरले. १९६८ साली त्यांची बडी रिचबरोबर 'रिच अ ला रखा' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात दादरा आहे, सवारी आहे. पंजाब घराण्याच्या उस्तादाने बोलाने शिकलेला हिशेब आणि बिग बँडच्या बादशहाने कानाने उचललेला हिशेब, दोघांपैकी कोणाच्याही समोर कागदाची गरज नव्हती. तबल्याचा बोल हाताबरोबर नादही सांगतो, रूडिमेंट फक्त हात सांगते. या बाबतीत आपली रीत अधिक श्रीमंत आहे, असे आमचे मत आहे. पण रूडिमेंटची रीत कोणाही परक्याला चार ओळींत शिकवता येते, आणि यात ती आपल्याहून पुढे आहे.

ताशाचा हात असलेल्या मुलाला बिग बँडचे स्टिकिंग शिकायचे असेल तर सुरुवात ढोलावर नको, रबराच्या तुकड्यावर करावी, म्हणजे आवाजाच्या भरात चूक लपणार नाही. घड्याळाच्या काट्याइतक्या संथ लयीत पॅराडिडल तोंडाने म्हणत वाजवावा. चारातला पहिला ठोका जोरात, बाकीचे तीन काडी दोन बोटेच उचलून. जोर एकदा उजव्यावर येतो, एकदा डाव्यावर. ताशेवाल्याचा उजवा हात आधीच पुढारी असतो आणि डावा त्याच्या मागे धावतो, म्हणून पहिले काही आठवडे धडा डाव्यापासून सुरू करावा. मग तिहेरी चाल घ्यावी: उजवा, डावा, डावा. ती बसली की उजवा हात झांजेवर न्यावा, डावा स्नेअरवर ठेवावा, आणि शेजारी कोणीतरी ट्रंपेटवाला बसवून त्याच्या फटक्याआधी हाक द्यायला शिकावे. गावच्या बँडमध्ये ट्रंपेटवाला असतोच. लग्नाचा मोसम संपल्यावर पावसाळ्यात त्यालाही काम नसते.