तारेच्या आतलं सोलापूर

१० मार्च १९४८ रोजी न्यूरेंबर्गमधल्या अमेरिकी लष्करी न्यायासनाने नाझी एसएस संघटनेचा अधिकारी उलरिख ग्राइफेल्ट याला जन्मठेप ठोठावली. पोलंडसारख्या जिंकलेल्या मुलखातली माणसं घरादारातून उठवायची, तिथे जर्मन वसवायचे, उठवलेल्यांना सक्तीने राबवायचं आणि पसंत पडलेली मुलं आईबापांपासून तोडून जर्मनीला न्यायची, असा त्याच्या आणि सहआरोपींच्या एसएस कार्यालयांचा कारभार. आरोपी होते चौदा. बहुतेकांचं हत्यार म्हणजे फाइल आणि शिक्का.

त्याच मार्चमध्ये सोलापुरात ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत, चालू होती. तारेचं कुंपण, फाटकावर पहारा, आत पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींची बिऱ्हाडं. यातल्या कित्येकांनी कधी चोरी केलेली नव्हती. जमातीच्या नावाचं नोटिफिकेशन निघालं की त्या जमातीत जन्मलेलं पोर गुन्हेगारांच्या यादीत जायला मोकळं.

गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये आधी उत्तर हिंदुस्थानात आणला, १९११ मध्ये देशभर लावला आणि १९२४ मध्ये पक्का केला. मुंबई इलाख्यातल्या वसाहतींची घडी बसवली ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याने. सुरुवात १९०९ च्या सुमारास विजापुरात झाली. पुढे हुबळी, गदग, सोलापूर. गावं नीट पाहिली तर सोलापूरचा हिशेब लगेच कळतो. तिथल्या कापडगिरण्यांना रोज वेळेवर हजर राहणारे हात हवे होते आणि कुंपणातली माणसं तर पळून जाऊ शकत नव्हती. भोंगा झाला की फाटकातून बाहेर, पाळी संपली की फाटकातून आत, मग हजेरी. सोयऱ्याच्या लग्नाला जायचं तरी पास काढायचा. पास नसला तर तुरुंग.

मजुरी मिळत होती, शाळा होत्या, आणि स्टार्टला ही माणसं सुधारायचीच होती, हे मान्य करायला हवं. न्यूरेंबर्गच्या आरोपींमागे कत्तलींचे ढीग होते. दोन्ही एका तराजूत घालणं अन्यायाचं होईल. तरीही मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सरकारी शाळेत डांबण्याची सोय या कायद्यातही होतीच.

मोठा फरक वेगळ्याच ठिकाणी होता. जर्मनीतल्या अधिकाऱ्यांना न्यायाधीशांपुढे उभं राहावं लागलं. इथे जमात गुन्हेगार ठरवणाऱ्या नोटिफिकेशनला कोर्टात आव्हान देता येणार नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलं होतं. १९३७ मध्ये मुंबई सरकारने कन्हैयालाल मुन्शींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, १९३९ मध्ये तिचा अहवालही आला. खटला मात्र कुणावर झाला नाही.

पूर्णा, परभणी, लातूर हा मुलूख तेव्हा निजामाचा, म्हणजे मुंबईच्या कायद्याबाहेरचा. पण हैदराबाद संस्थानाचाही असाच कायदा होता, आणि भटक्यांचे तांडे काही सरहद्द पाहून मुक्काम टाकत नव्हते. इकडे फौजदार, तिकडे अमीन. हजेरी टळत नव्हती. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी हे जगणं ‘उचल्या’ या आत्मकथनात लिहिलं आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला, तेव्हा कुठे मराठी वाचक दचकला.

मुंबई प्रांताने कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला तरी सराईत गुन्हेगारांचे नवे कायदे आले आणि ठाण्यातला संशयही तिथेच राहिला.

कोर्टाची पायरी फार उशिरा आली. तुरुंगात जातीनुसार कामं वाटली जातात, विमुक्त झालेल्या या जमातींना सराईत गुन्हेगार धरलं जातं, या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. कारागृहांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा आणि तीन महिन्यांत नियमावल्या बदला, असा आदेश त्यांनी सर्व राज्यांना दिला.