आभाळ, बाजार आणि मोजदाद

पाऊस हुकला की धान्य महागते, हे शेतकऱ्यास पूर्वापार ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणे निराळे आणि त्याची मोजदाद करून ती राज्यकर्त्यांपुढे मांडणे निराळे. ही दुसरी जाणीव महाराष्ट्रात केव्हा जागी झाली याचा माग काढू लागलो म्हणजे आम्ही १८७६ सालापाशी येऊन थांबतो.

त्या वर्षी दख्खनवर पाऊस पडला नाही. पुणे, सोलापूर, नगर, सातारा या जिल्ह्यांतील पिके करपली आणि ज्वारीचे भाव भडकले. तेव्हा १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत धाडली. पिकाची स्थिती, धान्याचे भाव, लोकांचे हाल यांची माहिती गोळा करून सभेने ती मुंबई सरकारकडे पाठविली. सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच 'सार्वजनिक काका', १८७७ च्या दिल्ली दरबारासही गेले, ते अंगावर खादीचे साधे कपडे घालून.

त्याच सुमारास सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा अशी बसविली. भावाबरोबर चढणारी ही मजुरी म्हणजे एका अर्थी महागाई भत्ताच होय. मात्र मूळ मापच उपासमारीचे होते. मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडली, आणि सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला व त्यातून दुष्काळसंहिता निर्माण झाल्या.

१८७७-७८ मध्ये प्रशांत महासागरात प्रबळ 'एल निनो' होता, हे आज शास्त्र सांगते. भारतातील वेधशाळांचे प्रमुख राहिलेले गिल्बर्ट वॉकर यांनी १९२४ मध्ये वायुदाबाच्या ज्या हेलकाव्यास 'सदर्न ऑसिलेशन' म्हटले, तो याच घटनेचा वातावरणातील भाग. त्या काळी संकट निसर्गाच्या लहरीने आले होते. आता त्या लहरीत माणसाने वाढविलेल्या उष्णतेची भर पडली आहे. २०२२ चा मार्च १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला, गहू भरण्याच्या ऐन वेळी होरपळला, आणि १३ मे रोजी निर्यातबंदी आली. २०२३ चा ऑगस्ट त्याच मोजणीत सर्वांत कोरडा निघाला.

आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांचा महागाई भत्ता निर्देशांकाच्या मागोमाग सुधारतो. म्हणून भाव चढले तरी त्यांचे कारण विचारण्याची निकड आम्हांस भासत नाही. रोजंदारीवरील मजुरास असा आधार नाही. सभेची माणसे गावोगाव हिंडली ती स्वतःच्या पगारासाठी नव्हे. पाऊसमान, पीक आणि भाव यांचे आकडे आज आमच्याच कचेऱ्यांतून निरनिराळ्या फायलींत जातात. ते एकत्र ठेवून वाचणे, आणि वाचलेले लोकांना त्यांच्या भाषेत सांगणे, एवढे तरी आमच्याकडून व्हावे.