नावातला गाव

मीरा रोडला आमच्या इमारतीत नवा शेजारी आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हणतो, रत्नागिरीचा. मग माझं नाव ऐकून तो पुन्हा विचारतो, "ते झालं हो, पण मूळचे?" मराठीत कविता लिहिता लिहिता केस पांढरे झाले, पण या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. असो. आज बोलायचं आहे ते पोटाच्या औषधांविषयी.

आमच्या नानीच्या फळीवर पत्र्याचा एक डबा असे. मळमळलं की सुंठ उगाळून मधाबरोबर चाटण, पोट फुगलं की ओव्याचं पाणी, पोट साफ झालं नाही की रेवाचिनीची चिमूट. (हे आपल्या मनानं करू नका. रेवाचिनीनं जुलाब लागतात आणि गरोदर बायकांना ती वर्ज्य आहे.) त्याच डब्यात दालचिनी, कबाबचिनी आणि चोपचिनीच्याही पुड्या असत. चौघींचं आडनाव एकच! मला वाटे, या सख्ख्या बहिणीच असणार.

मोठेपणी कळलं की यातल्या दोघीच खऱ्या चिनी. रेवाचिनी म्हणजे फारसीतली रेवंद-ए-चीनी. चीनमध्ये तिला 'दा-ह्वांग', म्हणजे 'मोठी पिवळी', म्हणतात आणि पोटाच्या तक्रारींवर तिथले वैद्य ती दोन हजार वर्षांपासून देत आले आहेत. ओकारीवर त्यांचा भरवसा आल्यावर, अगदी नानीसारखाच. चोपचिनीही तिकडचीच. दालचिनी मात्र सिलोन-मलबारची आणि कबाबचिनी जावा बेटाची. मग त्यांना हे आडनाव लागलं कसं?

दालचिनीचा उलगडा एका पोर्तुगीज वैद्यानं चारशे साठ वर्षांपूर्वी केला. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. चिनी व्यापारी सिलोनची दालचिनी जहाजांतून होर्मुझला नेत. तिथल्या इराणी लोकांनी तिला 'दार-चीनी', चिनी लाकूड, म्हटलं, असं तो सांगतो. नाव पडलं ते आणणाऱ्यावरून.

ओर्ता १५३४ साली हिंदुस्थानात आला. त्याच वर्षी आमच्या खाडीपलीकडची वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. मुंबई बेट पुढे त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी तो जाई, तिथल्या हकिमांशी चर्चा करी. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्याचं पुस्तक छापून निघालं. दोन मित्रांच्या गप्पा असं त्याचं रूप आहे. पोर्तुगालचा महाकवी कामोइश याची छापील स्वरूपातली पहिली कविता औषधांच्या याच पुस्तकात आली, याचं मला कवी म्हणून फार अप्रूप वाटतं. प्रत्येक मुळीला हा माणूस विचारतो, तू कुठली? अरबीत तुला काय म्हणतात, इथल्या भाषेत काय?

त्यात आपला एक शब्द आहे, मोडशी. अजीर्ण होऊन उलट्या-जुलाबांनी माणूस मोडून जातो, ती मोडशी. पोर्तुगीजांनी तिचं 'मोर्देशी' केलं. हे आपल्या लोकांनी बिघडवलेलं रूप आहे, असं ओर्ता स्वतःच कबूल करतो. पुढे फ्रेंचांनी त्याचं 'मोर द श्यां' केलं, म्हणजे 'कुत्र्याचं मरण'! आपला साधा शब्द परदेशी गेला आणि त्याची ही गत झाली. इथले वैद्य या रोग्याला मिरी-जिरं घातलेली तांदळाची कांजी पाजतात, असंही त्यानं लिहून ठेवलंय. तळपायांना डागण्या देत, हेही लपवलेलं नाही. डागण्या गेल्या. कांजीची अक्कल मात्र टिकली. तांदळाच्या पिठाचं मीठ घातलेलं पाणी पटकीच्या रोग्याला तारतं, हे आजचं वैद्यकही मानतं.

ओर्ता १५६८ साली गोव्यात वारला. त्याचं घराणं मूळचं ज्यू, सक्तीनं ख्रिस्ती झालेलं. पुढच्याच वर्षी धर्मन्यायालयानं त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. १५८० साली त्याच्या कबरीतून हाडं उकरून काढली आणि तीही जाळली. कारण तेच. वरून ख्रिस्ती असशील, पण मूळचा कोण?

मूळ तोही विचारत असे. पण मुळी कुठून आली, हे कळल्यावर ती कुणाला बरं करते, हे तो पुढे विचारी.

परवा तोच नवा शेजारी रात्री दार वाजवून उभा. मुलाला सारखं मळमळत होतं. मी आलं दिलं. उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच डॉक्टरकडे न्या, असंही सांगितलं. सकाळी मूल जिन्यात खेळत होतं. आलं मूळचं कुठलं, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.