मोगल लघुचित्रांतील तंबू

मोगल दरबारच्या चित्रशाळेत सोळाव्या-सतराव्या शतकांत तयार झालेल्या हस्तलिखितांत डेरे, कनाती आणि शामियाने वारंवार दिसतात. ‘अकबरनामा’च्या चित्रांत तर छावणीचे प्रसंग पुष्कळ आहेत. या कापडांवरची दाट वेलबुट्टी म्हणजे चित्रकाराने रिकामी जागा भरण्यासाठी केलेली सजावट, असा समज आहे. प्रत्यक्षात ती बव्हंशी खऱ्या कापडाची नोंद आहे. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल याच्या ‘आईन-इ-अकबरी’त फरासखान्याचा, म्हणजे तंबू-बिछायतीच्या खात्याचा, तपशीलवार हिशेब येतो. बादशहाच्या निवासाभोवतीचा गुलालबार म्हणजे कातडी पट्ट्यांनी जोडलेली, घडी घालता येणारी लाकडी जाळी; तिला लाल कापड लावत. एका मुक्कामाचे सामान हलवायला 100 हत्ती, 500 उंट आणि 400 गाडे लागत. चित्रांतही बादशाही डेऱ्याभोवती हाच लाल रंग आढळतो. औरंगजेबाच्या 1664-65 मधील काश्मीर स्वारीसोबत गेलेला फ्रेंच वैद्य बर्निए शाही कनातींना आतून छिटाचे अस्तर असल्याचे सांगतो आणि त्यावर रंगवलेल्या फुलदाण्यांचेही वर्णन करतो. टिकून राहिलेल्या सतराव्या शतकातील कनाती जवळून पाहिल्या की त्याच्याशी जुळणारी मांडणी ओळखू येते : महिरपीच्या चौकटीत मधोमध एकच फुलझाड, शेजारच्या चौकटीत पुन्हा तेच, आणि भोवती फुलांची किनार.

यावर आक्षेप असा की, तंबू रंगवण्याची रीत इराणी चित्रकलेतून आयती आली होती, मग चित्रकाराला छावणी पाहण्याची गरजच काय? रीत इराणी होती, हे खरेच. पण नुसती नक्कल असती तर नक्षी बदलली नसती. अकबरकालीन चित्रांत तंबूंवर वेलींची गुंफण आणि भौमितिक आकृत्या अधिक आहेत. शाहजहानच्या काळात सुटी, ताठ उभी फुलझाडे पुढे येतात, आणि तीच त्या काळच्या वस्त्रांवर व संगमरवरावरही आहेत. शिवाय चित्रकार दरबाराबरोबर फिरत. दरबारी चित्रकार मन्सूरने जहांगीरसाठी काश्मीरची फुले रंगवली ती अशाच मुक्कामात. आकारमानाबाबत मात्र आक्षेप मान्य करावा लागतो. ‘आईन’नुसार मोठ्या बारगाहात, म्हणजे दरबारी मंडपात, दहा हजारांहून अधिक माणसे मावत आणि तो उभारायला हजार फरासांना आठवडा लागे; चित्रातल्या डेऱ्यात जेमतेम दहा-बारा माणसे बसतात. रंग आणि नक्षी ताडून पाहायची असेल, तर जोधपूरच्या मेहरानगडावर सतराव्या शतकातला ‘लाल डेरा’ जपलेला आहे. त्याच्या लाल मखमलीवर सोनेरी भरतकाम आहे.