उन्हाळ्याचं ऊन पाणी
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कोकणच्या नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे बोट फिरवत आलं, की एकाच कुळातली काही गावं भेटत जातात. पालीजवळ उन्हेरे, दापोली आणि खेड तालुक्यांत एकेक उन्हवरे आणि अगदी खाली राजापूरला उन्हाळे. ही नावं ठेवणाऱ्यांनी फारसा खल केलेला दिसत नाही. ‘उष्ण’चं ‘उन्ह’ झालं, ‘ऊन’ झालं आणि जिथं जमिनीतून ऊन पाणी येतं त्या गावाला तेच नाव चिकटलं. आपण शहरातले लोक ऊन म्हणजे सूर्याचं एवढंच समजतो. पण पाणी ऊन आहे तोवर आंघोळ उरका, असं सांगणाऱ्या आज्या अजून बऱ्याच घरांत आहेत.

या गरम झऱ्यांची रांग पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत तीनशे किलोमीटरहून लांब आहे. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही नावं मुंबईकरांच्या तोंडी असतात. आरवली, तुरळ, राजवाडी ही नावं मुंबई-गोवा रस्त्यानं जाणाऱ्यांच्या. खेडच्या उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे हात घालण्याची सोय नाही. राजापूरचं मात्र चाळिशीच्या आसपास, न्हाणीघरात आपण विसण घालून करतो तसं. निसर्गानंच विसण घातलेलं.

हे पाणी तापतं कशानं, याबद्दल लोकांच्या मनात एक ठाम समजूत असते: खाली ज्वालामुखी आहे, नाहीतर गंधकाचा डोंगर जळतो आहे. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारसाचा, हे खरं. पण तो रस थिजला त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली. त्याची ऊब आजवर उरायला तो काही चुलीतला विस्तव नव्हे. प्रकार त्याहून साधा आहे. पावसाचं पाणी दगडातल्या भेगांतून खोल खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश उष्णता वाढत जाते. तिथं तापलेलं पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून चटकन वर आलं, तर निवायला सवड मिळत नाही. म्हणजे उन्हाळ्याच्या कुंडात आपण अंगावर घेतो तो पाऊसच, फक्त फार जुना.

भाद्रपदात, पावसाचा जोर ओसरल्यावर, मी एक दिवस राजापुरात पायी फिरण्यासाठी राखून ठेवला. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तिचं ‘राजापूर रोड’ हे स्थानक गावापासून इतकं दूर आहे, की नावातला ‘रोड’ हा शब्द प्रवाशाला दिलेला इशाराच समजावा. म्हणून आदल्या रात्री गावातच मुक्काम केला आणि सकाळी धोपेश्वराच्या वाटेला लागले. धूतपापेश्वर हे देवाचं संस्कृत नाव, पाप धुऊन टाकणारा. धोपेश्वर हे बोलीतलं. पुष्कळांना हे नाव देवळापेक्षा औषधाच्या बाटलीवरून जास्त ओळखीचं आहे, कारण याच नावाचा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना पनवेलला १८७२ साली निघाला.

देऊळ खोलगटात आहे. वाट उतरू लागली की देवळाआधी आवाज भेटतो. मृडानी नदी देवळाला खेटूनच कातळावरून खाली उडी घेते आणि त्या दिवसांत तिचे तुषार पार आवारापर्यंत येतात. मृडानी म्हणजे मृडाची, शंकराची पत्नी. आडबाजूच्या एका ओढ्यासारख्या नदीला इतकं नेमकं नाव देणारा कुणी व्युत्पन्न माणूस इथं होऊन गेला असणार. कातळ शेवाळलेला असतो. धबधबा बघावा तो लांबूनच. देवळातल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, “एकट्याच आलात?” हो म्हटलं. “बरोबर कुणीच नाही?” पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी प्रसादाचा नारळ जरा जास्तच हातावर ठेवला, जणू सोबतीला.

एकट्यानं प्रवास करणं ही कोकणात नवलाई नव्हे. पण पूर्वी एकटा निघणारा माणूस बहुधा हरकारा, भिक्षुक नाहीतर बैरागी असे. बाकी सगळे तांड्यानं जात, कारण वाट मोठ्या व्यापाराची होती. राजापूरहून अणस्कुरा घाट चढून गेलं की पन्हाळा आणि कोल्हापूर. आदिलशाहीच्या मुलखातला माल या घाटानं खाली यायचा आणि राजापूरच्या खाडीतून तांबड्या समुद्राकडे, इराणच्या आखाताकडे जायचा. मिरी, वेलदोडे, कापड. पुढं राजापुरी पंचा घराघरांत गेला, तोही याच गावाच्या नावावर.

सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी इथं वखार घातली. व्यापारी म्हणून आलेली ही मंडळी लढाईत कशी पडली, ती गोष्ट राजापूरकर अजून चवीनं सांगतात. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर अडकले होते, सिद्दी जौहरचा वेढा होता. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन काही सहकाऱ्यांना आणि तोफगोळ्यांना घेऊन वेढ्यात सामील झाला आणि आपलं निशाण लावून गडावर मारा केला. महाराज निसटले. पुढच्याच वर्षी, १६६१ साली, मराठ्यांची फौज राजापुरात उतरली. वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैद झाले आणि त्यांतले काही १६६३ सालापर्यंत किल्ल्यांवर अडकून पडले. नुकसानभरपाईचा घोळ त्यानंतर अकरा वर्षं चालला. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तो नजराणा घेऊन आला खरा; पण त्याच्या कामांच्या यादीत राजापूरच्या लुटीची भरपाई होतीच. दहा हजार होनांवर तडजोड झाली.

त्याच समारंभात गागाभट्ट होते. तेही राजापूरला येऊन गेलेले. १६६४ साली इथं पंडितांची सभा भरली होती आणि शेणवी समाजाच्या धर्माधिकाराचा निर्णय तिथं गागाभट्टांनी दिला. काशीचा पंडित आणि लंडनच्या कंपनीची माणसं, दोघांच्याही पायांना राजापूरची धूळ लागलेली. आणि आज त्या बंदराची अवस्था काय, तर मोठी जहाजं ज्या खाडीतून गावाच्या धक्क्याला लागत ती गाळानं भरली. व्यापार खाली सरकला, मग आटला. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्या मिळून बाजारपेठेत शिरतात, तेव्हा जुन्या बंदराची आठवण पाण्याला तेवढी राहिली आहे असं वाटतं.

दुपारी उन्हाळ्याची वाट धरली. आधी वर गंगातीर्थ. मंडळी, क्वचित उगवणाऱ्या माणसाला आपण ‘राजापूरची गंगा’ म्हणतो ती हीच. जांभ्या दगडाच्या चिरेबंदी आवारात चौदा कुंडं आहेत. वडाच्या मुळाशी मूळ गंगा, पलीकडे काशीकुंड, त्यावर गोमुख. साधारण तीन वर्षांनी एकदा, बरेचदा ऐन उन्हाळ्यात विहिरी तळाला गेलेल्या असताना, ही कुंडं अचानक भरून वाहू लागतात. काही आठवडे, कधी काही महिने वाहतात आणि आली तशी जातात. गंगाजी साळुंखे नावाच्या कुणबी शेतकऱ्याला म्हातारपणी यात्रा झेपेना म्हणून गंगाच त्याच्या शेतात आली, अशी कथा आहे. महाराजांनी इथं स्नान केल्याचंही परंपरा सांगते. मोरोपंत मात्र नक्की येऊन गेले. १७८९ साली त्यांनी या गंगेवर रचनाही केली.

शास्त्रज्ञ म्हणतात तो खुलासाही ऐकण्यासारखा आहे. पिंपातलं तेल नळीनं ओढून काढताना नळी एकदा भरली की तेल आपोआप वाहत राहतं, पिंपातली पातळी नळीच्या तोंडाखाली जाईपर्यंत. तशी एक वाकडी वाट डोंगराच्या पोटात असावी आणि तिच्यामागे पाणी साठणारी पोकळी. पोकळी भरत भरत वाकणाच्या वर गेली, की गंगा येते. रिकामी झाली, की जाते. मला हा खुलासा कथेपेक्षा कमी सुंदर वाटत नाही.

पण त्यातून एक काळजीची गोष्ट निघते. ती पोकळी भरणार वरच्या सड्यावर मुरणाऱ्या पावसानं. गेल्या काही वर्षांत गंगेचं वेळापत्रक पार विस्कटलं आहे. कधी ओळीनं दरवर्षी येते, कधी भलत्याच ऋतूत. पाऊस बदलला, की सड्यावरचं पाणी दुसरीकडे जाऊ लागलं, की आणखी काही? याचा निवाडा करायचा तर गंगा कोणत्या तारखेला आली, कधी गेली, त्याआधी पाऊस किती झाला, जवळपास बोअर किती पडल्या, हे सगळं एका वहीत हवं. बातमी दरवेळी येते, भाविकांची गर्दी झाल्याची. आकडे कुणी मांडत नाही. सड्यांवर भांडणं काही कमी नाहीत. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती तपासायला यंत्रं आली तेव्हा, २०२३ च्या एप्रिलमध्ये, गावकरी रस्त्यावर उतरले होते. त्याच बारसूची, तसंच देवाचे गोठणे आणि कशेळीची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली आहेत. प्रकल्प हवा की नको, यावर माझ्यासारख्या एका दिवसाच्या पाहुणीनं बोलू नये. पण सडा म्हणजे ओसाड कातळ, तिथं काहीच नाही, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला गंगेच्या कुंडांपाशी आणून बसवावं. मी गेले तेव्हा कुंडं कोरडी होती. गोमुखाखाली पानं साचलेली, एक कुत्रं सावलीला निजलेलं.

तिथून उतरून खाली उन्हाळ्याला आले. हा झरा मात्र बारमाही, त्याला तिथी-वार नाही. शेतातून आलेली माणसं खांद्यावर पंचा टाकून येत होती, पाठ शेकून घेत होती आणि भाताला फूल धरलं का, उंदीर किती लागला, हे बोलत होती. एका बाईंनी मला जागा करून दिली आणि म्हणाल्या, “पाय आधी सोडा, मग अंगावर घ्या. एकदम घेतलंत तर घेरी येते.” मी तसंच केलं. पायांतला दिवसभराचा शीण टाचांपासून उतरत गेला. वापरलेलं पाणी चिऱ्यांतल्या पन्हळीतून बाहेर पडत होतं आणि दहा-वीस पावलांवर निवून अर्जुनेकडे वाहत होतं.