कॅन्सर बरा झाला, मग अंगातून वाफा का निघतात?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे उपचार संपतात, रिपोर्ट चांगला येतो, बाई घरी परतते. मग थोड्याच दिवसांत छातीपासून चेहऱ्यापर्यंत अचानक वाफा येऊ लागतात. रात्री कपडे घामाने भिजतात, झोप लागत नाही, चिडचिड वाढते. रोग उलटला की काय, ही भीती तिला आधी वाटते. बहुतेक वेळा ही रजोनिवृत्ती असते. उपचारांमुळे वेळेआधी आलेली.

एरवी पाळी जाते तेव्हा अंडाशयांचे काम काही वर्षांत हळूहळू मंदावते. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशये काढली, तर इस्ट्रोजेन काही दिवसांतच कोसळते. ओटीपोटावरच्या किरणोपचारांनीही अंडाशये बंद पडतात, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. नुसते गर्भाशय काढले असेल तर मात्र पाळी थांबली तरी हार्मोन तयार होत राहतात. ‘पिशवी काढली’ एवढेच घरी सांगितले जाते. नेमके काय काढले, ते डिस्चार्ज कार्डावर पाहावे.

नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्यासारख्या गावातून मोठ्या कॅन्सर रुग्णालयात जायचे म्हणजे अनेकदा सुरत, नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. एवढ्या लांब जाऊन फेरतपासणीत बोलणे होते ते गाठीबद्दल. वाफांचे काय, तर ‘उन्हाळाच आहे’. मिरची पथारीवर दिवसभर उन्हात बसणाऱ्या बाईला तर ते खरेही वाटते. तिखट आणि गरम चहाने काहींच्या वाफा वाढतात, पण खानदेशी घरात हे पथ्य पाळणे सोपे नाही.

सगळ्यात कमी बोलले जाते ते योनीच्या कोरडेपणाबद्दल. संबंध दुखतात, बाई टाळते, नवरा गैरसमज करून घेतो. किरणोपचारांनंतर योनीमार्ग आखडतोही. त्यासाठी मॉइश्चरायझर, वंगण जेल आणि डायलेटर नावाची साधी नळी असते. डायलेटरमुळे पुढची तपासणीही कमी दुखते, म्हणून नवरा नसलेल्या बाईलाही त्याचा उपयोग असतो.

कॅन्सर झाला म्हणजे हार्मोनच्या गोळ्या बंदच, हा समज सरसकट खरा नाही. गर्भाशयमुखाचा सर्वाधिक आढळणारा स्क्वॅमस प्रकार इस्ट्रोजेनवर पोसला जात नाही. त्यामुळे तरुण रुग्णाला, दुसरी काही अडचण नसेल, तर हार्मोन देता येतात. गर्भाशय जागेवर असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही लागते. गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर निर्णय वेगळा असू शकतो, म्हणून दुसरीच्या गोळ्या मागून घेऊ नयेत. हार्मोन चालत नसतील तरी वाफांवर इतर औषधे आहेत. पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली असेल तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, त्याचीही तपासणी मागावी.

उपचारांनंतर पुन्हा रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, एकाच पायाला सूज किंवा न थांबणारी कंबरदुखी हा मात्र रजोनिवृत्तीचा त्रास समजू नये. पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.